तिसऱ्या गेटजवळ चेनमध्ये गेलेल्या पँटबद्दल

नमस्कार सर,

आपण आमच्या सायकलच्या दुकानाला एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की गिअरची सायकल घेऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ड्युटीवर जाताना तिसऱ्या रेल्वे गेटजवळ उजव्या पायाची पँट चेनमध्ये गेली, पडलात, गुडघा फुटला, पँट फाटली. चेनकव्हर दिलं नव्हतं. तक्रार घेऊन आलात तर दुकानातला मुलगा हसला आणि ‘पँट दुमडून चालवा की’ म्हणाला.

गुडघा आता कसा आहे? त्या गेटजवळ सकाळी शिफ्टची गर्दी असते, मागून काही आलं नाही हे नशीब.

मुलगा हसला ते चुकलंच, त्याला समज दिली आहे. पण मोठी चूक माझी. सायकल देताना मी सीटची उंची लावली, ब्रेक, हवा, गिअर सगळं दाखवलं. आपण ऑफिसच्या पँटवर आला होता, मोहरी चांगली रुंद होती, तिकडे माझं लक्ष गेलं नाही. वडिलांच्या वेळी गल्ल्याशेजारी पँटची मोहरी बांधायच्या स्टीलच्या क्लिपांचा डबा असायचा आणि फुल पँटवाल्याला क्लिप दिल्याशिवाय सायकल जायची नाही. ती पद्धत मी मोडली.

चेनकव्हर मात्र काढून ठेवलेलं नाही. जुन्या काळ्या सायकलीला पुढे पायडलपाशी दात्यांचं एक चक्र, मागे एक, चेन सरळ रेषेत, म्हणून ती पत्र्याच्या डब्यात पूर्ण झाकता येते. आपल्या सायकलीला पुढे तीन चक्रं आहेत. गिअर बदलला की चेन आडवी सरकते आणि मागचा गिअर खाली लोंबतो. तसा बंद डबा तिथे बसत नाही. बाहेरच्या चक्रावर प्लॅस्टिकची गोल चकती मात्र बसवता येते. ती मी विनामूल्य लावून देतो. फाटलेल्या पँटच्या रफूचे पैसेही माझ्याकडे.

चकती लावली तरी मोहरी बांधायलाच हवी. पायडल मारताना वरची चेन मागून पुढे धावते आणि चक्राच्या माथ्यावर दात्यांत शिरते. सैल मोहरी नेमकी तिथेच फडफडते, आणि एकदा कापड चेन आणि दात्यांच्या मध्ये गेलं की पुढच्या प्रत्येक पायडलला आणखी आत ओढलं जातं. चेन उजवीकडे असते, त्यामुळे त्रास उजव्याच पायाला. घोट्याच्या वर मोहरीची जादा घडी बाहेरच्या अंगाला घ्या आणि क्लिप किंवा वेल्क्रोची पट्टी लावा. काही नसेल तर मोहरी सरळ मोज्यात खोचा. नुसती दुमडलेली पँट चार चौकांत उलगडते, म्हणून आमच्या मुलाचा सल्लासुद्धा अर्धवटच होता. बुटाची नाडीही आत खोचा. पावसाळ्यात रेनकोटची पँट तर बांधल्याशिवाय चढूच नका. आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात अशा पँटी घेऊन येणारी गिऱ्हाइकं मी दरवर्षी बघतो.

आणखी एक, जे मी आपल्याला सांगायला हवं होतं. चेन मोठ्या चक्रावर असली तर त्याचे दाते चेननेच झाकले जातात. लहान चक्रावर घेतली की मोठ्या चक्राचे दाते उघडे पडतात, आणि कापड तेच पकडतात. सपाट रस्त्यावर चांगल्या कपड्यांत असाल तर पुढे मोठ्या चक्रावर राहा.

पुन्हा कधी अडकलीच, तर पाय ओढू नका आणि पुढे पायडल तर अजिबात मारू नका. ब्रेक लावा, डावा पाय टेका, हाताने पायडल हळूहळू उलटं फिरवा. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलमुळे उलट्या पायडलने चाक जागचं हलत नाही, कापड आलं त्याच वाटेने बाहेर येतं. घट्टच बसलं असेल तर मागच्या गिअरचा लोंबता भाग पुढे ढकला, चेन सैल पडते, मग ती चक्रावरून उतरवा. आपण हिसका दिलात म्हणून कापड फाटलं असावं. पण हे सांगितलं नव्हतं कुणी, त्यामुळे दोष आपला नाही.

सायकल सदोष आहे हे मात्र मला मान्य नाही. तरी पडल्यामुळे मागच्या गिअरची कडी वाकली असू शकते, म्हणून तपासल्याशिवाय चालवू नका. चेनवरचं जादा तेलही पुसून देतो, डाग त्याचेच पडतात. ड्युटी सुटल्यावर या. मी संध्याकाळी स्वतः दुकानात असतो, क्लिप आपल्या नावाने काढून ठेवली आहे.