भूल कोणी दिली ते बिलावर दिसतं का?

दोन वर्षांपूर्वी सांगलीत आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. बिल वहीच्या अर्ध्या पानाएवढं, त्यावर तीन ओळी, लेन्स, ऑपरेशन, औषधं, बास. परवा घरच्या ग्रुपवर दादाने परत विषय काढला, की फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात आकडे आले होते ना, सरकारीत जे दहा हजारात होतं तेच खासगीत तीस हजार ते एक लाख चाळीस हजार, त्याचं पुढे झालं काय, आणि मग नेहमीचं, "तुमच्या अमेरिकेत बघ, प्रत्येक गोष्टीला कोड, लपवाछपवीच नाही."

दादा, मी त्या कोडांवरच पोट भरते रे. न्यू जर्सीत बसून भूलतज्ज्ञांची बिलं करते. मोतीबिंदूच्या भुलीचा कोड ००१४२, त्याचे ठरलेले मूळ गुण, म्हणजे बेस युनिट, चार, वर दर पंधरा मिनिटांना एक, म्हणजे अठरा मिनिटं लागली तर १.२, झाले ५.२, आणि मेडिकेअर, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, युनिटला वीस डॉलरच्या आसपास देतं, म्हणजे शंभरेक डॉलर. हाच कोड, हीच अठरा मिनिटं, पण प्रायव्हेट इन्शुरन्स असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणजे कोड एक पण भाव एक नाहीच. आणि हे फक्त भुलीचं हं, सर्जनचा ६६९८४ वेगळा, ऑपरेशन जिथे होतं त्या सेंटरचं बिल वेगळं, तिन्ही पाकिटं वेगवेगळ्या दिवशी घरी येतात आणि म्हातारी माणसं फोन करून विचारतात की मी पैसे भरले होते ना?

क्वालिटीचे कोड तर विचारूच नकोस. २०१७ पासून मिप्स नावाचा, डॉक्टरांच्या कामाला गुण देणारा प्रकार आहे, त्याच्या स्कोअरवर मेडिकेअरचे पैसे नऊ टक्क्यांपर्यंत वरखाली होतात. आता मोतीबिंदूत पेशंट जागा असतो, डोळ्यात थेंब टाकलेले, पंधरा मिनिटांत बाहेर. पेशंटचं अंग गार पडू दिलं नाही ना, हे मोजणारा कोड इथे लागू नव्हताच, तो तासभराच्या मोठ्या भुलीला. मग उरतं काय, तर पेशंट सिगरेट ओढणारा असेल तर त्या दिवशी सकाळी ओढली का! नाही ओढली, जी९६४४. ओढली, जी९६४५. नंतर दिसायला किती लागलं ते सर्जनच्या खात्यात मोजतात, भुलीशी त्याचा संबंध नाही. सिगरेट सोडणं चांगलंच, पण याला भुलीची क्वालिटी म्हणायचं म्हणजे हद्द आहे.

वर २०१८ मध्ये अँथेम या इन्शुरन्स कंपनीने सांगितलं होतं, मोतीबिंदूला भूलतज्ज्ञ सरसकट लागत नाही, ठराविक पेशंटनाच पैसे देऊ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी केवढा आरडाओरडा केला तेव्हा. मला आपल्याकडचे कॅम्प आठवले, तिथे सर्जनच इंजेक्शन देतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

तरी या सगळ्या पसाऱ्यातली एक गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे, कोडापुढची दोन अक्षरं. एए म्हणजे भूलतज्ज्ञ स्वतः हजर होता. क्यूके म्हणजे तो एकाच वेळी दोन ते चार ऑपरेशनांवर लक्ष ठेवून होता. क्यूझेड म्हणजे भुलीची नर्स, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय. खोटं लिहिलं तर फ्रॉडची केस होऊ शकते, त्यामुळे लोक घाबरून खरं लिहितात.

महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक लावायला सांगितलंय, लावलं तर उत्तमच. पण खोलीत कोण होतं ते दरपत्रकात कुठे दिसणार? आईला विचारलं, भूल कोणी दिली गं? म्हणाली, "डॉक्टरांनीच डोळ्याखाली टोचलं, आणि एक मुलगी हात धरून उभी होती, चांगली होती बिचारी." बीपी, शुगर दोन्ही असलेल्या बाईचा मॉनिटर कोण बघत होतं, ती हात धरणारी मुलगी? दादाला पण माहीत नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची आहे. दादा, लेन्सचा भाव तू विचारशीलच, सोबत भूल कोण देणार, मॉनिटर कोण बघणार हेही विचार आणि फाईलवर लिहून घे.