जेवण मिळत असताना ते का निघाले?

नमस्कार. २०२० च्या टाळेबंदीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की सरकार जेवण देत होतं, थांबा म्हणत होतं, तरी मजूर उतावीळपणे निघाले. आणि रुळांवर झोपायला कोणी सांगितलं होतं?

आधी रुळांचं. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली सोळा जण गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे मजूर मध्य प्रदेशला जाणारी मजुरांसाठीची खास गाडी मिळेल म्हणून भुसावळकडे रात्रभर चालत होते. रेल्वे बंद आहे, एवढंच तेव्हा सगळीकडे कानावर येत होतं. मालगाड्या मात्र धावत होत्या. थकून बसलेल्या माणसाला डोळा लागला, याचा जाब त्यालाच विचारायचा?

आता उतावीळपणाचं. जेवण बऱ्याच ठिकाणी मिळत होतं, मान्य. पण मजूर शहरात येतो तो घरी पैसे पाठवायला. बांधकामावर ठेकेदार आठवड्याला फक्त खर्ची देतो, किराणा आणि मोबाइलचं रिचार्ज भागेल एवढी. उरलेला हिशोब गावी जाताना. एका गवंड्याच्या हाताखालच्या पोराने मला खिशातली डायरी दाखवली होती. पूर्ण हजेरीला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला अर्धी, समोरच्या पानावर घेतलेली खर्ची. दोन्ही पानं त्याच्याच अक्षरातली, ठेकेदाराची सही कुठेच नाही. २४ मार्चला रात्री आठला घोषणा झाली, बाराला सगळं ठप्प. काम थांबलं की खर्ची थांबते, ठेकेदार फोन उचलत नाही, खोलीचं भाडं चढत जातं आणि रेशनकार्ड असतं गावी. अशा वेळी थांबायचं ते कशाच्या भरवशावर?

बंद काळातली मजुरी कापू नका, असा केंद्राचा आदेश २९ मार्चला निघाला खरा. १८ मेपासून तोही उठला. आणि ज्याचं नाव कुठल्याच मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाही, त्याने तो आदेश दाखवायचा कोणाला? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटोसह पासबुक द्यायचं, त्यात मजुरीचा दर लिहायचा, असं स्पष्ट होतं. मी साइटवर असं पासबुक कधी पाहिलेलं नाही. शिवाय तो कायदा पाच परप्रांतीय मजुरांपासून लागू व्हायचा. २०२० च्या नव्या कामगार संहितेने ती मर्यादा दहावर नेली. म्हणजे लहान साइटवरची सात-आठ जणांची टोळी त्यातून बाहेरच.

तुमच्या सोसायटीशेजारी काम चालू असेल, तर एकदा विचारा तिथल्या मजुरांना, त्यांची किती मजुरी ठेकेदाराकडे अडकली आहे.