पाटोद्याचं पाणी दोन वाटांनी

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेवरचा लेख आवडला, पण 'बालाघाटातून निघणाऱ्या सगळ्या नद्या गोदावरीला मिळतात' हे वाक्य खटकलं. बालाघाट ही गोदावरी आणि भीमा यांच्यातली पाणलोटाची रेघ आहे. बीड जिल्ह्यातल्या एकट्या पाटोदा तालुक्याचंच बघा ना. सिंदफणा तिथूनच निघून माजलगावकडे जाते आणि गोदावरीला मिळते. सौताड्याला रामेश्वरच्या धबधब्यावरून कोसळणारी विंचरणा मात्र सीनेकडे वळते, सीना पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेत, आणि भीमा कृष्णेत. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस एकीकडे गोदावरीच्या, दुसरीकडे कृष्णेच्या मुखाशी समुद्राला भेटतो!

मांजराही याच तालुक्यातली, आणि तिची तऱ्हाच निराळी. गोदावरी एवढी जवळ, पण ही बाई सरळ जाईल तर शपथ. आग्नेयेला बीदर, तेलंगणापर्यंत उतरते, मग उत्तरेला वळून निजामसागर भरते आणि नांदेडच्या कुंडलवाडीजवळ एकदाची गोदावरीत शिरते. साधारण ७२४ किलोमीटरचा फेरा.

डोंगर म्हणावा तर बालाघाट बुटकाच. वर सपाट माळ, खाली काळा बेसाल्ट खडक, माती जेमतेम. पाऊस सह्याद्रीच्या पडछायेतला, म्हणजे कमीच, त्यामुळे नद्या पावसाळ्यापुरत्या. धनेगावचं मांजरा धरण आटलं की काय होतं ते २०१६ साली लातूरने पाहिलं, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

लेखात नकाशा टाकला असता तर बरं झालं असतं.