एंड्युरन्स रेस म्हणजे हायवेवर रात्रभर गाडी हाणणं नव्हे

एंड्युरन्स रेस, म्हणजे ट्रॅकवर तासन्‌तास चालणारी मोटरसायकलची शर्यत, तिच्याबद्दल आमच्या आर्वीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिलाय, काल गॅरेजवर आलेल्या पोट्ट्यानं मला वाचूनच दाखवला. एंड्युरन्स रेस म्हणजे एकट्यानं न थांबता 24 तास गाडी चालवणं, ज्याचं सीसी जास्त तो जिंकतो, नियम म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, खर्च काय तो गाडीचाच, आणि सरावाला हायवे फुकट आहे. मी मित्राच्या गाडीसोबत दोनदा चेन्नईच्या ट्रॅकवर मेकॅनिक म्हणून गेलोय, म्हणून गप बसवत नाही.

एकट्यानं? ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली भाऊ. फ्रान्सची बोल दोर ही 24 तासांची रेस 1922 ला सुरू झाली तेव्हा खरंच एकच माणूस चालवायचा, पहिल्या वर्षी टोनी झिंदनं मोटोसाकोश कंपनीच्या 500 सीसी गाडीवर 1245 किमी काढले. आज फ्रान्समधल्याच ल मान्सच्या 24 तासांच्या रेसला एका गाडीवर तिघं आलटून पालटून बसतात, एकाची पाळी साधारण तासाभराची, कारण 24 लिटरची टाकी तेवढ्यात रिकामी होते, आणि म्हणूनच 24 तासांत साडेतीन हजार किमीच्या आसपास जाता येतं. माणूस दमला की ब्रेक उशिरा लागतो, एवढं साधं आहे.

सीसीचं म्हणाल तर वरच्या वर्गात बहुतेक सगळ्यांच्याच गाड्या 1000 च्या, मग फरक कुठे पडणार? पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल भरायला नि टायर बदलायला गाडी थांबते तिथं. इंजिन जास्त खेचलं की पेट्रोल जास्त, टायर लवकर जातो, एक थांबा वाढला की रात्रभराची मेहनत पाण्यात.

आता नियम, यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. चेन्नईला स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, आमची गाडी परत पाठवली होती, काहून? तर इंजिनातलं तेल काढायच्या ड्रेन बोल्टला लॉकवायर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून पिळून बांधायची तार, बांधली होती पण उलट्या बाजूनं. बोल्ट ढिला व्हायला लागला तर वायरनं त्याला आवळायच्या बाजूला ओढलं पाहिजे, आमची वायर उलट त्याला मोकळं करायच्या बाजूला ओढत होती. तेव्हा चिडलो, पण रात्री पक्कडीनं पुन्हा पीळ देताना डोक्यात शिरलं, तो बोल्ट निघाला तर तेल आमच्याच गाडीच्या मागच्या टायरवर आणि त्याच्यामागून येणाऱ्या दहा जणांच्या खाली. रेडिएटरमध्ये कूलंट नको साधं पाणी भरा म्हणतात तेही यासाठीच, कूलंट सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि लवकर साफही होत नाही. याला चोचले म्हणायचं?

खर्चाचं थोडक्यात. गाडी एकदाच घेता, पण टायर, ब्रेक पॅड, पेट्रोल, पडल्यावर तुटलेले लिव्हर नि फूटपेग, लेदर सूट, इथून गाडी न्यायचं टेम्पोभाडं, हे दरवेळी खिशातून जातं. उलट देशात वन-मेक रेस आहेत, म्हणजे सगळ्यांना एकाच कंपनीची सारखी गाडी, टीव्हीएससारखी कंपनी निवड झालेल्या पोरांना गाडी स्वतःच देते. गरिबाच्या पोरानं तिथं निवडीला जावं, घरचं वावर गहाण ठेवून 1000 सीसीची लिटरबाइक घेऊ नये.

आणि हायवे. समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे. बाकी रस्त्यावर रेस लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 189, पहिल्यांदा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा 10000 रुपये दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंड सोडा. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर सोयाबीन वाळत असतं, कापसानं भरलेली बैलबंडी बिनदिव्याची चाललेली असते, आणि पहाटे रोही (नीलगाय) कुठल्या वावरातून उडी मारेल त्याचा नेम नाही. ट्रॅकवर वळणाबाहेर रिकामी जागा असते, इथं बाभूळ असते.

ज्या पोट्ट्याला खरंच शिकायचंय त्यानं रविवारी गॅरेजवर यावं, जुना ड्रेन बोल्ट ठेवलाय, त्याला भोक पाडून वायर कोणत्या बाजूनं पिळायची ते आधी दाखवतो.