मागे डबल टायर म्हणजे दुप्पट ओढ? हिशेब तसा नाही

गेले पंधरा दिवस एक मेसेज नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सोबत अमेरिकेतला एक व्हिडिओ आहे. भलीमोठी पिकअप, मागे दोन्ही बाजूंना जोडटायर आणि त्यामागे घराएवढा ट्रेलर. मजकूर थोडक्यात असा: "मागे चार टायर म्हणजे दुप्पट वजन आणि दुप्पट ओढ. एक टायर फुटला तरी दुसऱ्यावर गाडी घरी येते. ब्रेकही दुप्पट लागतो. अमेरिकेत ट्रेलर ओढणारे सगळे डबल टायरच वापरतात. तुमचा ट्रेलर डोलत असेल तर सिंगल टायरची गाडी विका, डबल घ्या."

मी दुर्लक्ष केलं असतं. पण काटोलहून भाच्याचा फोन आला. त्याचा लग्नात लाइट आणि जनरेटर पुरवण्याचा धंदा आहे. जनरेटर दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला, तो चारचाकी पिकअपच्या हुकाला लावून गावोगाव नेतो. "मामा, पिकअप काढून जुनी सहाचक्का घेऊन राहिलो. मंगळवारी टोकन द्याचं हाय, गाडी पाहाले येता का?" सहाचक्का म्हणजे पुढे दोन आणि मागे जोडीत चार टायर असलेली गाडी. का विकतोस विचारलं, तर त्याने हाच मेसेज मला पाठवला. बावीस वर्षं मालवाहू गाड्यांत गेली माझी, आधी स्टिअरिंगवर आणि मग गॅरेजमध्ये. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"दुप्पट वजन." हे खोटं आहे, आणि ते तुमच्या टायरवरच लिहिलेलं आहे. छोट्या मालवाहू गाडीच्या टायरवर मापाशेजारी १०२/१०० असे दोन आकडे दिसतील, मध्ये तिरपी रेघ. पहिला आकडा टायर एकटा असताना, दुसरा जोडीत असताना. १०२ म्हणजे ८५० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. तोच टायर जोडीत बसवला की त्याची क्षमता कमी धरतात, कारण जोडीतले दोन्ही टायर कधीच अगदी सारखा भार घेत नाहीत. रस्ता मधून उंच, कडेला उतरता. एकात हवा दोन पौंड कमी, एक थोडा जास्त घासलेला. मोठ्या ट्रकच्या टायरवर १५२/१४८ असतं, म्हणजे एकटा ३५५० किलो आणि जोडीत ३१५०. तिथे टायरमागे ४०० किलो गेले.

हा झाला फक्त टायरचा हिशेब. वजन स्प्रिंगच्या पाट्यांवर, अॅक्सलवर (दोन्ही बाजूंची चाकं धरणारा दांडा), हबच्या म्हणजे चाक बसतं त्या तुंब्याच्या बेअरिंगवर आणि चेसीसवरही येतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हा दोन टायरच्या अॅक्सलला साडेसात टन दिले आणि चार टायरच्या अॅक्सलला साडेअकरा. भागून पाहा, दीडपटीच्या जरा वर येतं. टायर दुप्पट झाले म्हणून कायद्यानेही वजन दुप्पट केलेलं नाही. आणि तुमच्या गाडीची मर्यादा याहून कितीतरी खाली असू शकते. ती आरसी बुकात आणि कंपनीने गाडीवर लावलेल्या पाटीवर असते. ती ओलांडली तर टायर कितीही असोत, कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा.

यातूनच एक घातक जुगाड निघालाय, तो इथेच सांगून टाकतो. चारचाकी पिकअपच्या मागच्या हबला स्पेसर, म्हणजे अंतर वाढवणारी जाड चकती, टाकून जोडटायर बसवून देणारे लोक आहेत. बेअरिंग आणि बोल्ट एका टायरच्या हिशेबाने बनलेले असतात. दुसरा टायर बाहेर गेला की भार लांबून पडतो, बेअरिंग खाल्लं जातं आणि एक दिवस हबचे बोल्ट तुटतात. शिवाय कंपनीने दिलेल्या मापाबाहेर असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. अपघात झाला तर विम्यावाला सगळ्यात आधी तेच पाहील. हे कोणी सुचवलं तर गाडी तिथून बाहेर काढा.

"दुप्पट ओढ." ओढ इंजिन, गिअर आणि क्लचची. चाकं ती जमिनीला देतात, आणि किती देतील हे त्यांच्यावर असलेल्या वजनावर ठरतं. चार टायर लावले म्हणून गाडी जास्त ओढत नाही. रिकाम्या गाडीत तर उलटंच दिसतं. आंबिया बहाराची संत्री निघायला लागतात तेव्हा काटोल-नरखेडकडच्या शेतवाटा अजून ओल्या असतात. रिकामी सहाचक्का त्या काळ्या मातीत शिरली की दोन टायरांच्या फटीत चिखल ठासून बसतो, जोडी एक गुळगुळीत रूळ होते आणि जागेवर फिरत राहते. शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. किती किलो ओढायचं, ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असेल तर तेच खरं. लिहिलेलं नसेल तर डीलरकडून लेखी घ्या.

"एक फुटला तरी गाडी घरी येते." या ओळीवर मी जरा थांबणार आहे, कारण माणूस मरतो तो या ओळीमुळे.

मागच्या अॅक्सलवर २८०० किलो आहेत असं धरा. जोडीचे चार टायर, प्रत्येकावर ७००. मर्यादा ८०० ची, म्हणजे सगळं ठीक. आता एका बाजूचा एक फुटला. त्या बाजूचे १४०० किलो उरलेल्या एकट्यावर आले. तो एकटा जास्तीत जास्त ८५० घेतो. म्हणजे त्याच्यावर मर्यादेच्या दीडपटीहून जास्त भार आहे, आणि त्यावर तुम्ही घरी निघालात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, डांबर त्याहून तापलेलं. जोडटायरचा खरा फायदा एवढाच की गाडी एकदम एका बाजूला झोपत नाही, हळू करून कडेला घ्यायला वेळ मिळतो. हा फायदा मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण तो कडेला थांबण्यासाठी आहे.

आणि फुटलेला टायर निदान आवाज तरी करतो. आतल्या टायरची हवा हळूहळू गेली तर काहीच कळत नाही. बाहेरचा टायर गाडी उभी धरतो, आतला लोळत, घासत, तापत राहतो. माझ्याकडे सहाचक्का होती तेव्हा अमरावतीला माल घेऊन निघालो होतो. कोंढाळीला चहाला थांबलो, लाथ मारून बाहेरचे टायर पाहिले, निघालो. तळेगावच्या घाटात जळक्या रबराचा वास आला. आरशात धूर. उतरून पाहिलं तर आतला टायर चिंधी झाला होता आणि शेजारचा हात लावू देईना. पाण्याचे दोन कॅन ओतले. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर पेट घेतला असता. चूक माझीच होती. आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून चार दिवस हवा तपासली नव्हती. तेव्हापासून आतल्या व्हॉल्व्हला लांब नळी लावून घेतली आणि रोज सकाळी गार टायरवर गेज लावायची सवय केली. लाथ मारून किंवा टॉमी (लोखंडी दांडा) ठोकून अर्धी हवा गेलेला टायर ओळखू येत नाही.

जोडीत एक नवा आणि एक घासलेला टायरही लावू नका. लहान झालेला टायर प्रत्येक फेऱ्यात मागे पडतो आणि रस्ताभर घासतो, मोठा सगळं वजन उचलतो. दोघंही लवकर जातात. दोन टायरांमध्ये गिट्टी अडकली का, तेही रोज पाहायचं. ती सुटली तर मागच्या दुचाकीवाल्याच्या डोक्यात बसते.

"ब्रेक दुप्पट." मागचा ब्रेक ड्रममध्ये असतो. एका बाजूला टायर एक असो की दोन, ड्रम एकच. हा मुद्दा इथे संपला.

"अमेरिकेत सगळे डबलच वापरतात." फोर्ड एफ-३५०, रॅम ३५००, शेवरोले सिल्व्हराडो ३५००, या तिन्ही गाड्या तिथे सिंगल आणि डबल अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. सगळे डबलच घेत असते तर कंपन्यांनी सिंगल बनवल्याच नसत्या. व्हिडिओतला ट्रेलर नीट पाहा. त्याची मान पिकअपच्या हौद्यात, मागच्या अॅक्सलच्या डोक्यावर टेकलेली आहे. अशा जोडणीत ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग गाडीवर बसतो. सहा टनांचा ट्रेलर असेल तर ९०० ते १५०० किलो थेट हौद्यात. तिथे जोडटायरचा खरा उपयोग होतो. मागच्या हुकाला लावलेल्या ट्रेलरचा गाडीवर येणारा भार १० ते १५ टक्के असावा लागतो. आपलं काम या दुसऱ्या प्रकारचं आहे, आणि मेसेज पहिल्या प्रकारचा व्हिडिओ दाखवून दुसऱ्या प्रकारच्या माणसाला गाडी विकायला लावतोय. ती जोडटायरवाली पिकअप मागून जवळजवळ २.४ मीटर रुंद असते, हे जाता जाता. नागपुरातल्या महाल भागातल्या गल्लीत मांडवापर्यंत ती नेऊन दाखवा.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी भाचा गाडी विकायला निघाला होता. "ट्रेलर डोलतो." त्याचा खरंच डोलायचा. साठच्या वर गेला की मागून शेपूट हलल्यासारखी गाडी हलायची, बाजूने ट्रक गेला की जास्तच. जोडटायरने डोलणं कमी होतं हे मी मान्य करतो. चार टायरच्या भिंती कमी लवतात, बाहेरच्या टायरांमधलं अंतर वाढतं, आडवा वारा आला तर गाडी ठाम राहते. पण ट्रेलर मुळात का डोलतोय?

मी त्याला टोकन थांबवायला सांगितलं आणि रविवारी वजनकाट्यावर नेलं. काट्यावर तीन वजनं केली. एकट्या ट्रेलरचं १६०० किलो. मग ट्रेलर सोडवून फक्त त्याचं पुढचं तोंड, हुकाच्या उंचीवर ठोकळा ठेवून, काट्यावर टेकवलं. आलं ४० किलो! १६० ते २४० हवे होते. म्हणजे ट्रेलरचं वजन हवं त्यापेक्षा मागे झुकलेलं होतं, आणि असा ट्रेलर कुठल्याही गाडीमागे डोलणारच. त्याने केबलची भेंडोळी आणि डिझेलचे कॅन, मिळून अडीचशे किलो, ट्रेलरच्या चाकांमागे पाऊण मीटरवर रचले होते, उतरवायला सोपं म्हणून. ते तेवढंच पुढे आणून बांधले. तोंडाचं वजन १८० च्या आसपास गेलं.

तिसरं वजन पिकअपच्या मागच्या चाकांचं, ट्रेलर लावून, फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन. हे करायलाच हवं, कारण हुक अॅक्सलच्या मागे असतो आणि तिथला भार तरफेसारखा काम करतो. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर आणि हुक मागच्या अॅक्सलपासून सव्वा मीटर मागे असेल, तर हुकावरच्या १८० किलोंचे मागच्या अॅक्सलवर सुमारे २५५ होतात आणि पुढची चाकं ७५ किलोंनी हलकी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं, त्यालाही लोक "सिंगल टायरमुळे" म्हणतात. त्याच्या गाडीचं मागचं वजन पाटीवरच्या मर्यादेपेक्षा साडेतीनशे किलो कमीच भरलं.

परतताना काटोल रोडवर तो पासष्टला गेला, मुद्दाम. आरशात पाहिलं आणि म्हणाला, "हालूनच नाही राह्यलं, मामा."

त्याच्या ट्रेलरची कमतरता वेगळीच होती. ट्रेलरला स्वतःचा ब्रेकच नाही. सोळाशे किलो मागून ढकलतात आणि थांबवायचं सगळं काम पिकअपच्या ब्रेकवर. साठवरून ऐंशीवर गेलात की तेवढ्याच अंतरात थांबवायला ताकद पावणेदोन पटींहून जास्त लागते. टोकनचे पैसे त्याने ट्रेलरला ब्रेक बसवायला, नव्या दिव्यांना आणि ट्रेलरची नोंदणी नीट करायला लावले.

ज्यांच्या हौद्यातच दीड-दोन टन माल असतो आणि वर ट्रेलरही लागतो, ज्यांचा मागचा अॅक्सल काट्यावर मर्यादेला टेकलेला दिसतो, किंवा जे उंच बंद कंटेनर घेऊन समृद्धी महामार्गावर उघड्या वाऱ्यात तासन्तास चालतात, त्यांनी कारखान्यातून आलेली जोडटायरची गाडीच घ्यावी. त्यांना मी उद्या स्वतः गाडी पाहायला घेऊन जाईन. भाच्यालाही एक दिवस ती लागेल. दुसरा जनरेटर घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे, तो हौद्यात चढवणार. तेव्हा पुन्हा काट्यावर जाऊ, मागच्या चाकांची चिठ्ठी घेऊ आणि मग सहाचक्का शोधू.