जोडीदाराला पहिली रोड बाईक भेट देताय? साइझचं सरप्राइझ नको

जोडीदाराला रोड बाईक भेट देणारे बहुतेक जण स्वतः सायकल चालवणारे असतात आणि घोळ तिथेच होतो. घेणारा स्वतःच्या आवडीची सायकल घेतो. हँडल खाली, टायर बारीक, बसणं पुरतं वाकून. नव्या माणसाची पहिल्या तासाभरातच मान आणि मनगटं भरून येतात, आणि मग सायकल भिंतीला टेकते ती टेकतेच. माझं ठाम मत आहे की साइझच्या बाबतीत सरप्राइझ ठेवूच नये. हेल्मेट कागदात गुंडाळून हातात द्या आणि सायकल बघायला दोघं मिळून जा.

उंचीवरून साइझ सांगणारा तक्ता फक्त सुरुवातीपुरता कामाचा. एका कंपनीची 52 साइझची फ्रेम आणि दुसरीची 52 सारखी नसते. तुलना करायची ती स्टॅक आणि रीच या दोन आकड्यांची. पेडल ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. नव्या माणसासाठी स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली फ्रेम बघा. अशा सायकली 'एन्ड्युरन्स' नावाने विकल्या जातात.

दोन साइझच्या मधे अडकलात तर लहान घ्या असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. लहान फ्रेमचा स्टॅकही कमी असतो, म्हणजे हँडल आणखी खाली जातं. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) वर येणारी नळी एकदा कापली की स्टेमखाली, म्हणजे हँडल त्या नळीला जोडणाऱ्या तुकड्याखाली, जास्तीचे स्पेसर (कड्या) घालून हँडल वर घेता येत नाही, म्हणून ती कापण्याआधीच उंची ठरवा. स्टेम 90 मिमीचा काढून 80 चा बसवणं सोपं असतं, पण ब्रेक-गिअरच्या केबल स्टेममधून आणि हेडसेटमधून (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमधून) आत गेलेल्या असतील तर तेच काम किचकट आणि महाग होतं. नवशिक्यासाठी मी बाहेरून केबल असलेली सायकल आनंदाने निवडेन.

बुटक्या व्यक्तीसाठी घेताना एक चाचणी चुकवू नका. हळू चालवत हँडल पूर्ण वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का ते बघा. लहान फ्रेमला मोठी चाकं असली की असं होतं आणि नवा माणूस घाबरून पडतो. 170 ऐवजी 165 मिमीचे क्रँक (पेडल जोडलेले दांडे) असले तर थोडा फरक पडतो. हात लहान असतील तर ब्रेकचा लिव्हर बोटाच्या पहिल्या पेरात नीट येतो का तेही बघा. बऱ्याच लिव्हरना तो जवळ आणायचा स्क्रू असतो. तो फिरवल्यावर ब्रेक पुन्हा तपासावा लागतो. 'लेडीज मॉडेल' या शिक्क्यावर जाऊ नका, मापं बघा.

मागे दहा-अकरा गिअर असण्याचा हव्यास नको. शिमानो कंपनीच्या क्लॅरिस संचाचे 8 किंवा सोरा संचाचे 9 भरपूर झाले. खरा प्रश्न चढाचा आहे. पुढे 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या (50/34) आणि मागे सर्वांत मोठी चकती 32 किंवा 34 दातांची हवी. मागे 25 किंवा 28 दातच असले तर नवा माणूस चढाला उतरून ढकलत नेतो. शिमानोचाच 7 गिअरचा टूर्नी संच शक्यतो टाळा. त्यात एका दिशेने गिअर बदलायला अंगठ्याचं बटण असतं आणि हँडलच्या खालच्या भागात हात असताना तिथे अंगठा पोहोचत नाही.

टायर 28 मिमीचे हवेत आणि फ्रेममध्ये 32 बसायला जागा असेल तर उत्तम. हवा दगडासारखी भरू नका. 60 किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये 60 ते 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. कार्बन फ्रेमच्या मागे धावू नका. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बन फोर्क हीच चांगली सुरुवात. फ्रेमवर वाचलेले पैसे चांगल्या सीटवर घाला, कारण सोबत आलेली सीट प्रत्येकाच्या बसण्याच्या हाडांच्या रुंदीला जुळेलच असं नाही. जाड गादीची सीट मऊ वाटते खरी, पण लांबच्या फेरीत तीच जास्त घासते.

पेडल बऱ्याचदा सोबत येत नाहीत. पहिले काही महिने साधे सपाट पेडलच लावा. पेडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट जोडीदाराने स्वतः मागितले तरच. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. जोर लावून सुलट फिरवलं तर क्रँकचे आटे जातात. सीटची उंची ठरवताना टाच पेडलवर ठेवा. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, आणि सीटपोस्टवरची (सीटखालच्या दांड्यावरची) किमान खोलीची खूण बाहेर दिसता कामा नये.

बजेटमधून हेल्मेट, पंप, दोन जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर आणि दिवे यांचे पैसे आधीच बाजूला काढा. पहिल्या काही आठवड्यांत नव्या केबल जराशा सैल पडतात आणि गिअर अडखळायला लागतात. सायकल बिघडलेली नसते. मागच्या डिरेलरजवळचं (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाजवळचं) किंवा केबलवरचं, केबलचा ताण बदलणारं अ‍ॅडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवून ते सुधारतं. हे जोडीदाराला सायकल देतानाच सांगून ठेवा.