‘अ‍ॅलर्जीवाल्या मुलालाच परत पाठवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात. लिहिलंत, की बाहेर ‘अ‍ॅलर्जी-फ्री कुकीज’ अशी पाटी वाचून तुम्ही हडपसरहून कोथरूडपर्यंत संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून आलात. मुलाचा वाढदिवस होता. त्याला काजू-पिस्ता चालत नाही म्हटल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मग तुम्हाला देता येणार नाही.’ मुलगा दुकानातच रडायला लागला. स्वतःसाठी घेतलेल्या ज्वारीच्या कुकीजचा घरी पोचेपर्यंत भुगा झाला, आणि 250 ग्रॅमला 340 रुपये मोजले ते वेगळेच.

पाटी चुकीची होती. ती मीच लिहून घेतली होती. माझ्या मुलीला सिलिएक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिच्या शरीराची संरक्षण यंत्रणा तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. खरं तर ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण नातेवाइकांना दर वेळी कोण समजावून सांगणार, म्हणून आम्ही घरात ‘तिला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे’ असंच म्हणत आलो. तोच शब्द पाटीवर गेला. तो वाचून काजूवाला, दूधवाला, शेंगदाणेवाला कोणीही विश्वासाने आत येईल, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या मुलाचा वाढदिवस त्यात गेला, त्याबद्दल तुमची आणि त्याची मनापासून माफी मागते. ती पाटी उतरवली आहे. आता तिथे लिहिलंय: ‘गहू, दूध, अंडं या दुकानात येत नाही. काजू, बदाम, पिस्ता, तीळ येतात.’

पण विकलं नाही, ते बरोबरच केलं. यात मला मागे येता येणार नाही.

आमची भट्टीची खोली एकच आहे. काजू-पिस्ता कुकीज आम्ही सकाळी करतो. काजूची पूड करून मिक्सरचं झाकण उघडलं की बारीक पांढरा धुरळा उडतो. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत येतं तेव्हा तो तरंगताना स्पष्ट दिसतो. मग तो ओट्यावर, तराजूच्या ताटलीवर, आमच्या अ‍ॅप्रनच्या बाह्यांवर बसतो. ज्वारीच्या कुकीजमध्ये काजू घालत नाही, पण त्यांचं पीठ त्याच ओट्यावर मळलं जातं आणि त्याच ट्रेमध्ये त्या भट्टीत जातात. ट्रे आम्ही धुतो, पण कोपऱ्याच्या घडीत काही राहिलंच नाही, असं मी एका आईला छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि भट्टीत भाजलं म्हणून काजूतलं प्रथिन निरुपद्रवी होत नाही. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, म्हणून एक बाधला की बहुधा दुसराही बाधतो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल.

‘चालेल हो, काही होत नाही’ हे वाक्य आम्ही फार ऐकलंय. मुलीचं निदान झालं तेव्हा आम्ही घरातला गहू बंद केला, ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या, तरी तिचं पोट दुखायचं थांबेना, वजन वाढेना. डॉक्टर विचारायचे, बाहेरचं काही खाते का? काहीच खात नव्हती. बऱ्याच महिन्यांनी एकदा मी दळण घेऊन गिरणीत रांगेत उभी होते. माझ्या आधी गव्हाचा डबा होता. तो दळून झाला आणि त्याच जात्यात माझी ज्वारी पडली. पहिलं पसाभर पीठ गिरणीवाले काका बाजूला काढायचे, मीच तसं सांगितलं होतं. मला वाटायचं, तेवढं पुरतं. ते पुरत नव्हतं. त्या आठवड्यात घरघंटी घेतली, आणि दुकानाचं पीठ आजही आमच्याच चक्कीवर निघतं. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. एका जात्यात दोन धान्यं दळून ते जमण्यासारखं नाही. हिंगसुद्धा मी दुकानात ठेवत नाही, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

म्हणून ‘नाही’ म्हणायला मीच काउंटरवरच्या मुलीला शिकवलंय. पुढचं शिकवलं नव्हतं. कारण सांगायचं, बसायला खुर्ची द्यायची, मला आतून हाक मारायची. मी दहा पावलांवर होते. तिच्यावर रागवू नका, चूक माझी आहे.

भुग्याबद्दल: कणकेला जो चिकटपणा असतो तो ग्लुटेनचा, ज्वारीत तो नसतो. त्याऐवजी आम्ही भिजवलेलं जवस आणि थोडं इसबगोल घालतो. तरीही कुकीज पूर्ण गार व्हायच्या आत पाकिटात भरल्या तर तुटतात, आणि त्या दिवशीचा घाणा घाईत भरला गेला होता. किमतीबद्दल एवढंच, की ज्वारी निवडणं, धुऊन वाळवणं, दळणं सगळं आमच्याच हातचं आहे. त्यापेक्षा कमीत मला परवडत नाही.

तुमच्या मुलाला माझ्या खोलीतली कुकी देता येणार नाही, पण कृती देता येते. तुमच्या घरात काजू-पिस्ता येत नसेल तर तिथल्याइतकी सुरक्षित कुकी त्याला पुण्यात कुठे मिळणार?

ज्वारीचं पीठ 150 ग्रॅम, तांदळाचं पीठ 50 ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ 90 ग्रॅम, साजूक तूप 100 ग्रॅम. आम्ही खोबऱ्याचं तेल वापरतो, पण त्याला दूध चालत असेल तर तुपाची चव न्यारी. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, बुळबुळीत झाली पाहिजे. तूप आणि गूळ हाताने फेसा, त्यात जवस, मग दोन्ही पिठं, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलची. गोळा झाकून अर्धा तास ठेवाच, ज्वारीला पाणी प्यायला वेळ लागतो. चपटे पेढे करून 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊच लागतील. ट्रेमध्येच गार होऊ द्या, गरम असताना उचलू नका. आणि ज्या दुकानात सुकामेवा सुटा विकतात तिथून सुटं पीठ किंवा वेलची घेऊ नका. ज्या मापाने काजू उचलतात त्याच मापाने पीठही उचलतात.

पहिल्या घाण्यात काही बिनसलं तर दुकानाच्या नंबरवर फोन करा, दुपारी दोन ते चार मी मोकळी असते. त्या पाकिटाचे 340 रुपये परत द्यायचे आहेत, पावती नसली तरी चालेल.